गुळाच्या रंगाची गाडी माहेरी जाते

नांदेडहून निलंग्याला तीन तऱ्हांनी जाता येतं. एसटीने, कुणाच्या तरी एसी गाडीत मागे बसून, किंवा माझ्यासारखं. पहिल्या दोन तऱ्हांनी जाणाऱ्यांच्या वाटेत सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. माझ्या वाटेत घडलं. शिवाय मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे समोरच्याच्या डोक्यात शिरेपर्यंत सांगायची मला सवय आहे.

आधी गाडीबद्दल. ही माझ्या वडिलांची अ‍ॅम्बॅसेडर. बाबा निलंग्यात वकिली करायचे. कोर्टात, शेतावर, लग्नकार्याला, सगळीकडे हीच गाडी. गिअरचा दांडा स्टेअरिंगला, आणि पुढे सोफ्यासारखं सलग एकच सीट. त्या सीटवर बाबा आणि दादा, आई आणि मी कायम मागे. दादा मिसरूड फुटायच्या आत गाडी चालवायला शिकला. मला दर रविवारी ती धुवायला मिळायची. त्यामुळे लहानपणी आम्ही कुठेकुठे गेलो ते रस्ते मला आठवत नाहीत. बाबांची मान आठवते, कॉलरच्या वरचा तीळसुद्धा आठवतो.

बाबा गेल्यावर गाडी दादाच्या खत-बियाणांच्या दुकानामागे लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. डिकीत लिंबाचं रोप उगवलं. मागच्या सीटमध्ये मांजर व्यालं. चार वर्षांपूर्वी दादा ती भंगारात काढायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, मला दे. दादा हसला.

"ने की. लिंबाच्या रोपासगट ने."

ट्रकवर चढवायच्या वेळी वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. "माहेरातनं चाललीय, मोकळीच कशी लावून द्यायची?" म्हणाल्या, आणि त्या गंजक्या बॉनेटला हळदीकुंकू लावून त्यांनी वर खण आणि तांदूळ ठेवले. गाडीची चक्क ओटी भरली. घरात नारळ नव्हता, तो दादाने हसत हसत समोरच्या दुकानातून आणून दिला. ट्रकवाला हसला, मीही हसले. पण ओटी मी नीट बांधून नांदेडला आणली आणि त्या तांदळाची खीर केली. ओटीचे तांदूळ टाकत नाहीत.

नांदेडला रशीदभाई मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकं घातलं आणि बाहेर काढून म्हणाले, "मॅडम, इंजन जिंदा हाय. बाकी सगळं मय्यत." त्यांचं म्हणणं, जुनं इंजिन काढून डिझेलचं बसवू. मी म्हटलं, जे एकटं जिवंत आहे तेच तुम्ही काढायला निघालात. यावरून आमचं आठ दिवस बोलणं बंद होतं. शेवटी वाटण्या झाल्या. इंजिन त्यांचं, बाकी मय्यत माझी. वायरिंग मी केलं. सीटची कव्हरं माझ्या शिलाई मशीनवर शिवली. पत्र्याचा गंज पॉलिशपेपरने घासला आणि जिथे हात पोचेना तिथे आमच्या ह्यांचे टूथब्रश वापरले. ह्यांचं या गाडीला एवढंच योगदान, पण ते वारंवार झालं.

रंगाच्या दुकानात मला एकही छटा पसंत पडली नाही. मग मी घरून निलंग्याच्या गुळाचा खडा नेला आणि काउंटरवर ठेवला. हा रंग द्या, म्हटलं. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला, पण त्याने रंग जुळवला. उन्हात उभी असली की गाडी अशी दिसते की मुंग्या लागतील.

पहिल्यांदा ती आमच्या गल्लीतून स्वतःच्या चाकांवर गेली, तेव्हा स्टेअरिंगवर मी होते. पन्नाशीनंतर ड्रायव्हिंग शिकलेली बाई. मला इतका आनंद आयुष्यात क्वचित झालाय, आणि तो मी कुणापासून लपवला नाही. व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

तिथेच घोळ झाला. संध्याकाळी दादाचा फोन.

"सुमन, बाबांची गाडी लई झ्याक केलीस. आता येळवशीला येताना तीच घिऊन ये. पोराचं लगीन हाय फाल्गुनात. दारात बाबांची गाडी पायजे. जाताना तुला आन् दाजीला लातूरला सोडतो, रेल्वेनं जावा."

म्हणजे गाडी तिकडेच राहणार. कागद माझ्या नावावर झालेले आहेत, पण भावाबहिणीत कागद कोण बघतं? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. येते, एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, "मग परतीचं रेल्वेचं बुकिंग करू का?" मी म्हटलं, केलंत तर एकट्याचं करा.

नांदेड ते लोहा

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. नांदेड शहरात त्या दिवशी बाजार उघडा असतो, ऑफिसं भरतात, ज्यांची शेती आहे ते गुपचूप रजा टाकतात. लातूरकडचं तसं नाही. तिकडे त्या दिवशी गावंच्या गावं उठून शेतात जातात. कडब्याची खोप करायची, दगडांचे पाच पांडव मांडायचे, आणि जो दिसेल त्याला जेवायला बसवायचं. लातूर शहरात तर रस्त्याने कुत्रंसुद्धा दिसत नाही. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरी जुनी गाडी घेऊन निघायला मी नेमका तोच दिवस धरला. वाटेत काही झालं तर अख्ख्या जिल्ह्यात एकही गॅरेज उघडं सापडणार नाही, हे रशीदभाईंनी दोनदा बजावलं होतं. मी म्हटलं, गॅरेज कशाला लागतंय, मी आहे ना.

सकाळी थंडी होती. चोक ओढला, गाडी दुसऱ्या हिसक्याला सुरू झाली. लोह्यापर्यंत गाडी आणि मी दोघी गात होतो म्हटलं तरी चालेल. नव्या गाड्या भर्रकन पुढे जायच्या आणि मग हळू व्हायच्या. काचा खाली यायच्या, फोन बाहेर यायचे. एका पोराने ओरडून विचारलं, "मावशी, कितवं मॉडेल?" मी ओरडून सांगितलं, "तुझ्या बापाच्या लग्नातलं." हे मागच्या सीटवर संत्री सोलत होते. मागे का बसलात विचारलं तर म्हणाले, पुढे बसलं की तू चुकल्यासारखं दिसतं आणि मग मला बोलावं लागतं. हा माणूस संसारात टिकलाय तो असा.

चाकूरच्या अलीकडे, कुणाच्या तरी शेतात

अहमदपूर सोडलं, आणि चाकूर यायच्या आत टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला. मी आधी काट्यावरच संशय घेतला, कारण तो मीच दुरुस्त केला होता. मग बॉनेटमधून वाफ आली आणि संशय घ्यायला जागा उरली नाही. रेडिएटरचा पाईप फाटला होता. जुन्या गाडीत हे व्हायचंच, म्हणून डिकीत नवा पाईप, क्लिपा, पेचकस, सगळं होतं. इंजिन गार होऊ दिलं, साडीचा पदर खोचला आणि पाईप बदलला. पंधरा दिवसांपूर्वीच असा पाईप घरी काढून बसवून बघितला होता, त्यामुळे हात अडला नाही. आता फक्त पाणी भरायचं.

पाण्याचा कॅन रिकामा होता.

"संत्री धुतली," हे म्हणाले. "आणि तोंड धुतलं."

मला जे बोलायचं होतं ते हमरस्त्यावर बोलण्यासारखं नव्हतं.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेतात मात्र जत्रा. ज्वारीत माणसं, हरभऱ्यात माणसं, खोपीखोपीतून धूर. कॅन घेऊन मी जवळच्या बांधावर गेले. खोपीपुढे एक घर जेवायला बसलं होतं. म्हातारा, त्याची सून, मुलगा, दोन-चार पाहुणे. मी पाणी मागितलं.

"पाणी देतो की," म्हातारा म्हणाला. "आधी बसा."

"गाडी रस्त्यात उभी आहे, काका."

"गाडी कुठं पळून चाललीय? पळली आसती तर तुमी इथं आल्ता का?"

तोवर सुनेने पत्रावळ मांडलीच होती. "येळवशीला बांधावर आलेलं मानूस उपाशी गेलं तर रान नाराज होतंय," ती म्हणाली. मी ह्यांना हाक मारली. ह्यांना दुसरी हाक मारावी लागली नाही.

भज्जी होती, म्हणजे तुरीचे सोले, वाटाणे, पावटा, चार पालेभाज्या असं सगळं एकत्र शिजवलेलं. बाजरीचे उंडे होते, गव्हाची खीर होती, आणि मातीच्या बिंदगीतली गार आंबील. नांदेडला मी दरवर्षी हौसेने भज्जी करते आणि दरवर्षी ती नुसती मिक्स भाजी होते. शेतात बसून खाल्ली की कळतं काय कमी पडतं. त्या सुनेला विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई ओ, धूर लागायला पायजे." म्हाताऱ्याने मध्येच विचारलं, गाडी तापली तर रेडिएटरात आंबीलच का घालत नाही, थंड असते. मी विज्ञानाची बाई, मी त्याला सविस्तर समजावलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "पर घालून बगितलाव का कधी?" नाही बघितलं, हे मला कबूल करावं लागलं.

ह्यांनी आंबिलीचे इतके पेले घेतले की खोपीच्या सावलीत आडवे झाले. आंबील पोटात गेली की झोप येते, हे सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. पाणी भरून, गाडी सुरू करून, हॉर्न वाजवून मी त्यांना उठवलं. निघताना त्या सुनेने गाडीच्या दिव्यावरून हात फिरवला. "रंग लई ग्वाड हाय," ती म्हणाली. आतापर्यंत गाडीचं कौतुक पुष्कळ झालं होतं, पण मला पोचलं ते हे.

निलंगा, दिवेलागणीला

लातूर खरंच सुनसान होतं. औसा मागे टाकलं, ऊस सुरू झाला आणि उन्हं उतरली. दादाच्या शेतावर पोचलो तेव्हा पेटवलेला हेंडगा, म्हणजे कडब्याची पेंढी, घेऊन भाचा पिकातून धावत होता आणि सगळे मागून आरोळी देत होते. ती आरोळी अर्धी कानडी, अर्धी मराठी. अर्थ कुणाला नीट येत नाही, पण देताना कुणी चुकत नाही. नांदेडच्या माझ्या शेजारणींना हे सांगितलं तर त्यांना मी रचून सांगते असं वाटतं.

गाडी बांधाशी लावली. दादा जाळाच्या उजेडात आला. सगळ्या बाजूंनी फिरला. मग म्हणाला, "बाबांची गाडी पांढरी होती."

"गंजकी होती," मी म्हटलं.

वहिनी मध्ये पडल्या. "वन्सं, आधी च्या घ्या. रंगाचं उद्या बगू." वहिनींनी आयुष्यभर आम्हा दोघांच्या मध्ये असाच चहा ठेवलाय.

दुसरा दिवस

सकाळी दादाने किल्ली मागितली. मी दिली. मला वाटलं होतं, त्याला आता ही गाडी जमणार नाही. स्टेअरिंगवरच्या गिअरची सवय मोडते, तो अडेल, मग मी हळूच शिकवीन. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघत होते. पण दादाने चोक बरोबर तेवढाच ओढला, आणि गाडी गल्लीतून अशी काढली की जणू कालही तोच चालवत होता. वळणावर त्याने खिडकीतून हात बाहेर काढून दाखवला. बाबा दाखवायचे तसाच, कोपर न हलवता.

मी त्याच्या शेजारी बसले होते. या गाडीत पुढच्या सीटवर दुसऱ्याच्या शेजारी मी पहिल्यांदाच बसत होते.

जुन्या कोर्टाशी त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. स्टेअरिंगवरचे हात मात्र त्याने काढले नाहीत.

"ब्रेक लई नरम केलास," तो म्हणाला. "बाबांना लई जोर लावावा लागायचा." मग म्हणाला, "बाबा गेल्यापासून आज पयल्यांदा त्यांच्याजवळ बसल्यागत झालं बग."

मी दिवसभर भांडायची तयारी करून आले होते. चार वर्षं, फुटलेली नखं, गंज, रशीदभाईंशी अबोला, सगळं पाठ करून आले होते. ते सगळं तिथे कोर्टापुढे निरुपयोगी झालं. बाबा मला जितके हवे होते तितकेच त्यालाही हवे होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. देऊन टाकावी, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. आणि त्याच क्षणी, देऊ नये असंही.

घरी आलो. दादाने भाच्याला हाक मारून ओसरीपुढची पोती हलवायला सांगितली. "गाडीला जागा कर. इथंच लावायची." भाचा माझ्याकडे बघायला लागला. हे वर्तमानपत्रामागे गेले. मी उभीच राहिले, आणि तोंडातून शब्द फुटेना. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी हातही थांबवला नाही.

"ती पोती ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

"का?" दादा म्हणाला.

"वटी भरून लावून दिलेली लेक परत घरात ठिवून घेतेत व्हय? लोक काय मनतील? येळवशीला आलीय, आज ऱ्हाईल, उद्या जाईल. फुडं पंचमीला यील."

"अगं, गाडी हाय ती."

"मग नारळ कशाला आणून दिलाव?"

नारळ दादानेच आणला होता, हसत हसत का होईना, आणि ते सगळ्या गल्लीने बघितलं होतं. निलंग्यात गाडीचा मालक कोण यावर दोन मतं असू शकतात. ओटी भरलेल्या लेकीबद्दल दोन मतं नसतात. वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली. त्या चार वर्षांपूर्वी ओटी भरताना पुढचं काही मनात ठेवून होत्या का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारलं तरी सांगणार नाहीत.

दुपारचं जेवण झालं. दादा ताक पिऊन उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. मला वाटलं, रागावून दुकानात गेला. थोड्या वेळाने परत आला तो हातात नारळ घेऊन.

"उद्यासाठी," तो वहिनींना म्हणाला. "ऐन टायमाला पळापळ नको."

वेशीपर्यंत

आमच्याकडे लेकीला दारातून निरोप देत नाहीत, वेशीपर्यंत पोचवायला जातात. निलंग्याची वेस आता नावालाच उरलीय, पण गावाबाहेरचा पेट्रोलपंप त्या कामाला चालतो. सकाळी वहिनींनी बॉनेटला हळदीकुंकू लावलं, खण, तांदूळ, नारळ ठेवला, मग माझी ओटी भरली. मी स्टेअरिंगवर बसले आणि शेजारचं दार उघडून वहिनींना हाक मारली. त्या दचकल्या.

"मी? फुडं?"

"या गाडीतून तुम्ही या घरात आलात ना?"

"मागं बसून आल्ते," त्या म्हणाल्या, आणि साडी सावरत पुढे बसल्या. त्यांनी पाय लांब केले आणि समोरच्या काचेतून गल्ली अशी बघितली, जशी ती गल्ली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

हे मागे होतेच. दादा क्षणभर घुटमळला आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसला. पुढे तिघं मावतात हे त्याला माहीत होतं, तरी बसला.

बाजार गेला, कोर्ट गेलं, उसाच्या गाड्यांच्या मागे थोडं रेंगाळलो. मागे दादा सारखा इकडून तिकडे वाकत होता. आधी वाटलं, त्याला सीट टोचतंय. मग तो म्हणाला, "सुमन, इथून तर काईच दिसत न्हाई की गं. नुसती तुझी मान दिसायलीय."

"व्हय," वहिनी समोर बघत म्हणाल्या. "तसंच दिसतंय तिथून."

ह्यांनी तेवढ्यात एक संत्रं सोलून दादाच्या हातात दिलं.

पंपाशी मी गाडी थांबवली. वहिनी उतरल्या, त्यांनी गाडीच्या दिव्यांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. दादा माझ्या खिडकीशी आला. गुळाच्या रंगावर त्याने तळहात ठेवला, तसाच ठेवून उभा राहिला.

"लग्नाला गाडी लागंल," तो म्हणाला.

"येईल की. पण चालवीन मी."

"ते कळलं आता." त्याने हात काढला आणि दोन पावलं मागे गेला. मी गिअर टाकला, तेव्हा तो परत पुढे आला.

"आन् ऐक. नवरीला मागं बसवू नको. फुडं बसव."